पाण्यावरून उडणारे विमान



थंडीच्या दिवसांत आपल्या पाझर तलावावर काळे पक्षी उतरतात. अंगाने तलंगीएवढे. कपाळावर पांढरा टिळा. कोणी त्यांना चांदवा म्हणतात, कोणी वारकरी म्हणतात. हा पक्षी उडतो कसा, ते तुम्ही पाहिले आहे काय?

झाडावरचा कावळा पंख पसरतो आणि सुटतो. चांदव्याला तसे जमत नाही. तो आधी पाण्यावर धावतो. पाय फटफट आपटतो, पंख हलवतो, पाणी उडवतो. बरेच अंतर असा पळतो आणि मग कोठे वर उठतो. एक तर त्याला वेग पाहिजे असतो. दुसरे म्हणजे, पाणी त्याला सहजासहजी सोडत नाही. पाण्याला पकड असते, बरं का!

आज मी या पकडीविषयी बोलणार आहे. मात्र पक्ष्याच्या नव्हे, विमानाच्या संबंधात. पाण्यावरून उडणारे आणि पाण्यावरच उतरणारे विमान. मोठे नव्हे, लहान. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख एक मीटर, वजन सातशे ग्रॅम. आत माणूस नाही. काठावर उभे राहून हातातल्या यंत्राने ते चालवायचे. माझ्या पुतण्याने असे विमान केले. आपल्या तलावावर ते उडाले. तुमच्यापैकी काही जणांनी ते पाहिले आहे. ज्यांनी पाहिले त्यांनी मला रस्त्यात थांबवून प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे आज एकदमच देतो.

पहिला प्रश्न. पाण्यावरून उडणारी खरी विमाने असतात का?

असतात. फ्रान्स देशात आंरी फाब्र नावाचा एक माणूस होता. त्याने २८ मार्च १९१० रोजी समुद्राजवळच्या एका मोठ्या सरोवरावरून पहिल्यांदा असे विमान उडवले. साडेचारशे मीटरच्या आसपास गेले आणि सुखरूप पाण्यावर उतरले. गंमत अशी की, त्याआधी हा माणूस कधी विमानातून उडालेलाच नव्हता! जीव धोक्यात घालणारा हा गृहस्थ पुढे एकशे एक वर्षे जगला. १९८४ साली वारला.

आपल्या देशात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातमध्ये सरदार पटेलांच्या पुतळ्यापासून अहमदाबादच्या साबरमती नदीपर्यंत असे विमान सुरू झाले होते. पुढल्याच वर्षी ते बंद पडले. अशी विमाने चालवणे खर्चाचे असते. पण जेथे बेटे पुष्कळ आणि धावपट्ट्या थोड्या, तेथे त्यांना पर्याय नाही. मालदीवमध्ये आजही लोक एका बेटावरून दुसऱ्या बेटावर अशा विमानांनी जातात.

दुसरा प्रश्न. दोरी नाही, तार नाही, मग काठावरच्या माणसाचे विमान ऐकते कसे?

रेडिओवर बातम्या कशा येतात? मुंबईहून आपल्या घरापर्यंत तार नसते. लहरी येतात. तसेच हे. हातातले यंत्र लहरी पाठवते. विमानात काडेपेटीपेक्षा लहान असा एक डबा असतो, तो त्या लहरी घेतो. या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. हातातले यंत्र आणि विमानातला डबा यांची आधी जोडी जुळवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्राचे विमान ऐकत नाही. ही युक्ती पहिल्यांदा पाण्यावरच दाखवली गेली. १८९८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने पाण्याच्या हौदात एक लहान होडी सोडली आणि तिला हात न लावता फिरवून दाखवली. विमानाला हे साधायला आणखी बरीच वर्षे लागली. १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी अमेरिकेत रेडिओवर चालणारे लहान विमान उडवले. ते विमान तेथील संग्रहालयात जपून ठेवले आहे.

एवढे रेडिओविषयी पुरे. आता आपल्या विमानाकडे येऊ.

माझा पुतण्या तालुक्याच्या तंत्रनिकेतनात शिकतो. सुट्टीत तो मोटारी भरण्याच्या दुकानात काम करतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना तो नवी तार भरतो. त्या मजुरीतून त्याने साडेआठ हजार रुपये साठवले आणि विमानाचे सामान मागवले. निम्म्याहून जास्त पैसे एकट्या हातातल्या यंत्रालाच गेले.

त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, साडेआठ हजारांत शेळी आली असती. हे विमान काय दूध देणार आहे?"

मी म्हटले, "दूध नाही देणार."

दुसरे काय सांगणार? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गेल्या साली त्याचा कांदा शेतातच सडला होता. अशा घरात पोराने खेळण्यावर पैसे घालावेत, हे बापाला कसे रुचावे? पैसे पोराच्या कष्टाचे होते, म्हणून तो गप्प बसला इतकेच. पण महिनाभर त्या विमानाकडे त्याने ढुंकून पाहिले नाही.

विमान करताना मी रोज संध्याकाळी तेथे जाऊन बसत असे. पाहिले ते सांगतो.

अंग फोमच्या तावाचे. थर्मोकोलच्या जातीचाच हा फोम असतो, पण त्यात दाणे नसतात. तो गुळगुळीत असतो आणि पाणी पीत नाही. धारदार पात्याने तो कापायचा. पंख लवू नये म्हणून त्यात बांबूची कामटी बसवायची. पतंगाला कामटी असते ना, तीच कल्पना. चिकटवण्याचे मात्र सांभाळावे लागते. चपला चिकटवण्याचा गोंद लावला तर फोम विरघळून भोक पडते. सुताराचा साधा पांढरा गोंद फोमला चालतो, पण पाण्यात नरम होतो. म्हणून दोन नळ्यांतला, एकत्र कालवून लावायचा गोंद वापरला. तो घट्ट होतो आणि पाण्याला दाद देत नाही.

मोटार अंगठ्याएवढी. तिला तीन वायरी असतात. पुतण्याने जोडणी केली आणि पंखा उलटा फिरला. मला वाटले, मोटार खराब निघाली. तो हसला. म्हणाला, "तात्या, विहिरीवरची मोटार उलटी फिरली तर काय करता?" त्याने तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. पंखा सुलटा फिरला. एवढीशी मोटार, पण रीत तीच! ही मोटार विमानाच्या नाकावर ठेवत नाहीत. पंखाच्या वर खांब उभारून त्यावर बसवतात. खाली ठेवली तर पंखा पाण्याला लागतो.

पंखाच्या मागच्या कडेला दोन पाने असतात. विमान डावी-उजवीकडे कलवायला ती लागतात. शेपटीवर एक आडवे पान, नाक वर-खाली करायला. एक उभे पान, होडीच्या सुकाणूसारखे. प्रत्येक पान हलवायला नऊ-नऊ ग्रॅमची लहान यंत्रे असतात. बॅटरी पुढच्या बाजूला आत. झाकण घट्ट, कडेने चिकटपट्टी.

मग तोल पाहायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटीमीटर मागे, दोन्ही बाजूंना एक-एक बोट लावून विमान उचलायचे. ते आडवे राहिले पाहिजे. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. शेपटी जड असलेले विमान उडाले तरी आवरत नाही. बैलगाडी उलार झाली की काय होते, ते तुम्हाला माहीत आहे.

अंगाचा खालचा भाग होडीसारखा. सातशे ग्रॅमच्या विमानाने सातशे मिलिलिटर पाणी बाजूला सारले की ते तरंगते. म्हणजे तरंगणे काही अवघड नाही. पंखांच्या टोकांखाली दोन लहान तरंगे लावले. नाहीतर वारा आला की विमान एका कुशीवर कलंडते आणि पंख पाण्यात जातो.

झाले, विमान तयार झाले. पोराने त्याला पांढरा रंग दिला. बूड तर असे गुळगुळीत आणि गोलसर केले होते की हात फिरवत राहावेसे वाटे. नाकापासून शेपटीपर्यंत एकसारखी वळणदार रेघ. माशासारखी. डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही ते तलावावर नेले.

पाण्यात सोडले. छान तरंगले. पोराने मोटारीला जोर दिला. विमान पळू लागले. पाणी दोन्हीकडे उडू लागले. पूर्ण जोर दिला. विमान पळते आहे, पळते आहे. तलावाचे दुसरे टोक आले, तरी उठेना! नाक वर केले, तर शेपटी अधिकच पाण्यात बसली. असे तीनदा केले. तिन्ही वेळा तेच. काठावर जमलेली मंडळी हसू लागली. एक जण म्हणाला, "अरे, ही होडीच आहे, हिला उगाच पंख लावलेत."

मोटारीत जोर कमी होता काय? नव्हता. घरी तेच विमान उभे धरले होते, तर हातातून सुटू पाहत होते. मग अडले कोठे?

आता नीट लक्ष द्या. या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे.

तुम्ही तपेलीतून चहा ओतता. हळू ओतला तर काय होते? चहा कपात पडत नाही. तपेलीच्या काठावरून वळतो, तिच्या पोटावरून ओघळतो आणि बुडाखाली जाऊन सांडतो. तपेलीचा काठ गोल असतो. पाण्याला गोल वळण मिळाले की ते त्याला चिकटून जाते. आता जिला धारदार चोच आहे अशी किटली घ्या. तिची धार कशी सुटते? स्वच्छ. धारदार कडेवर पाण्याला वळता येत नाही. ते सुटून जाते.

आणखी एक प्रयोग सांगतो. घरी जाऊन करा. नळाची बारीक धार सोडा. चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरा. चमच्याची फुगीर पाठ त्या धारेला हळूच लावा. तुम्हाला वाटेल, धार चमच्याला दूर ढकलील. होते उलटेच. चमचा धारेत ओढला जातो! पाणी त्याच्या पाठीवरून वळते आणि वळताना त्याला आपल्याकडे ओढते.

त्या विमानाचे तेच झाले होते. बूड गोल, मागे वर वळत गेलेले. विमान जितके जोरात पळे, तितके पाणी त्या वळणाला चिकटून जाई आणि शेपटी खाली ओढी. जोर वाढवून उपयोग नव्हता. जोर वाढला की ओढही वाढे.

भातलावणीच्या चिखलात पाय रुतला की तुम्ही काय करता? सरळ वर ओढला तर निघत नाही. टाच जरा वाकडी करता. टाचेखाली हवा शिरते, फस्‌ असा आवाज होतो आणि पाय मोकळा होतो. विमानालाही तसेच करायचे. त्याच्या बुडाखाली हवा शिरू द्यायची.

ही अडचण काही आमच्याच विमानाला आली असे नाही. ग्लेन कर्टिस नावाचा मोठा विमान बनवणारा अमेरिकेत होऊन गेला. होडीच्या घडणीचे विमान करताना त्यालाही पाण्याच्या पकडीने छळले. १९१२ साली त्याच्या विमानाच्या बुडाला एक पायरी देण्यात आली आणि मग ती घडण पाण्यावरून नीट सुटू लागली. तेव्हापासून आजपर्यंत पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या बुडाला ही पायरी असते.

पायरी म्हणजे काय? बूड नाकाकडून मागे येते आणि मध्येच एकदम तुटते. जिन्याची पायरी उलटी धरल्यासारखे दिसते. पायरीच्या मागचे बूड थोडे वर असते आणि शेपटीकडे आणखी चढत जाते. पळताना पाणी पायरीच्या धारदार कडेपर्यंत येते आणि किटलीच्या चोचीवरून सुटावे तसे सुटते. मागे पोकळी होते, तीत हवा शिरते. शेपटीचा भाग पाण्यातून मोकळा होतो. मग विमान आपल्या पुढच्या बुडावर, पाण्याच्या पाठीवरून घसरत पळते. तुम्ही चपटा दगड तलावावर तिरका फेकता, तो टप्पे घेत जातो ना, तसे.

पुतण्याने त्या रात्री ते गुळगुळीत बूड पात्याने कापले. महिनाभर घासून केलेले काम! मला बघवेना. त्याने खाली फोमचा एक नवा थर चिकटवला, नाकाकडे निमुळता आणि मागे एक सेंटीमीटर जाड. त्याची मागची कड अगदी काटकोनात कापली. बुडाच्या दोन्ही बाजूंच्या गोल कडाही धारदार केल्या. मध्ये कणा ठेवून दोन्हीकडे किंचित उतार दिला, म्हणजे उतरताना विमान पाण्यावर आपटत नाही.

पायरी कोठे द्यायची हेही महत्त्वाचे आहे. जेथे बोटांवर विमान तोलले होते, त्या जागेच्या जराशी मागे. फार मागे दिली तर नाक वर उचलत नाही. फार पुढे दिली तर विमान पाण्यावर नाक वर-खाली करत उधळते.

पुढच्या रविवारी पुन्हा तलावावर गेलो. या वेळी हसायला माणसे जास्त आली होती. भाऊही आला होता. लांब, बाभळीखाली उभा राहिला.

सकाळचा पूर्वेचा वारा होता. पाण्यावर बारीक लाटा होत्या. हे चांगले. पाणी आरशासारखे शांत असले की पकड जास्त घट्ट असते. बारीक लाटांमुळे बुडाखाली हवा शिरते. पोराने विमानाचे नाक वाऱ्याकडे केले. विमान नेहमी वाऱ्यासमोर उडवायचे आणि वाऱ्यासमोरच उतरवायचे. समोरचा वारा पंखाला आयता वेग देतो. तुम्ही पतंग उडवताना पाठ कोठे करता, ते आठवा.

त्याने शेपटीचे आडवे पान वर केले आणि जोर दिला. आधी नाक वर आले, पाणी फेसाळले, विमान नांगर ओढणाऱ्या बैलासारखे जड चालले. हा टप्पा अवघड असतो. वेग थोडा आणि ओढ फार. मग एकाएकी ते वर आले. फेस कमी झाला. आवाज बदलला. पायरीच्या मागे पाण्याची नुसती एक रेघ राहिली. पोराने पान सैल सोडले. विमान घसरत पळू लागले, क्षणाक्षणाला वेग वाढला आणि त्याने जरासे पान उचलताच ते पाणी सोडून वर गेले. पाण्यावर धावले किती? पंधरा-वीस मीटर.

मंडळी हसायची थांबली. कोणी बोलेना.

पोर ते सफाईने चालवत होता, कारण तो आधी जमिनीवरचे साधे विमान उडवायला शिकला होता. पहिल्याच दिवशी पाण्यावरचे विमान कोणी हाती घेऊ नये. त्याची मोटार वर खांबावर असते. तिला एकदम जोर दिला की नाक खाली दबते, जोर काढला की नाक वर येते. शिवाय विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. हे हाताला सवयीने कळते, सांगून कळत नाही.

उतरताना जोर थोडा ठेवून, नाक किंचित वर धरून, पाण्याच्या जवळ आणायचे. पाण्यावर ब्रेक नसतात. पण पाणी स्वतःच धरते. मघा जी पकड वैरी होती, ती आता कामाला येते.

दोन फेऱ्या झाल्या. विमान तलावाच्या मध्यावर उतरले. आणि मोटार बंद पडली. बॅटरी संपत आली की यंत्र आपण होऊन मोटार बंद करते, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. पहिल्या उड्डाणाच्या आनंदात पोराला वेळेचे भान राहिले नव्हते. आता तो घड्याळ लावतो. सहा मिनिटे झाली की खाली.

विमान मध्ये तरंगत होते. काठापासून ऐंशी-नव्वद मीटर. पोराने सदरा काढला. चपला काढल्या. मी त्याचा दंड धरला.

तो म्हणाला, "तात्या, मला पोहता येतं."

मी म्हटले, "येत असेल. जायचे नाही."

डिसेंबरचे पाणी. तळाशी कमरेएवढा गाळ. त्यात पाणवेली. पट्टीचा पोहणाराही त्यात पाय अडकून जातो. पोर हात सोडवू लागला. साडेआठ हजार रुपये पाण्यावर तरंगत होते ना! त्याची नजर तेथेच होती. तेवढ्यात बाभळीखालचा भाऊ धावत आला. त्याने दुसरा दंड धरला. म्हणाला, "बुडू दे ते. तू इथं बस."

आम्ही तिघेही काठावर बसलो. विमानाने काय केले? वाऱ्याने त्याचे नाक आपोआप वाऱ्याकडे फिरवले. या विमानांची शेपटी वाऱ्यात घरावरच्या वातकुक्कुटासारखी फिरते. मग ते उलटे, शेपटीकडून, हळूहळू सरकू लागले. पश्चिमेच्या काठाकडे. पाऊण तास लागला. आम्ही चालत तिकडे गेलो आणि गुडघाभर पाण्यातून ते उचलून घेतले.

म्हणून ज्यांना हा खेळ करायचा असेल त्यांनी आधी वारा पाहावा. वारा ज्या काठाकडे वाहतो, तो काठ उघडा आणि चालत जाण्याजोगा असावा. मासे पकडण्याच्या लांब दोऱ्याला चेंडू बांधून जवळ ठेवावा. चेंडू विमानाच्या पलीकडे फेकून दोरा ओढला की विमान ओढत आणता येते. होडी असेल तर उत्तम. पोहत जायचे नाही. कोणीही नाही, कितीही पैशाची वस्तू असो.

शेततळ्याचे तर नावच काढू नका. आपल्या भागात आता जागोजागी शेततळी आहेत. आत प्लॅस्टिकचा कागद, बाजू उताराच्या. वरून पाणी शांत दिसते. पण त्या ओल्या कागदावर पाय ठरत नाही, हात ठरत नाही. पोहणारा माणूसही कडेला येऊन वर चढू शकत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. तुमच्या शेतात तळे असेल तर भोवती कुंपण घाला आणि चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. त्याला हवेने भरलेली जुनी ट्यूब बांधा. हे विमानासाठी नाही. शेळीमागे पळणाऱ्या पोरासाठी आहे.

बॅटरीविषयी दोन शब्द. ही बॅटरी टॉर्चच्या सेलसारखी गरीब नसते. फुगली, चेपली किंवा तिच्यात पाणी गेले तर पेट घेते. ती तिच्याच चार्जरवर, फरशीवर, माणूस जवळ बसलेला असताना भरावी. गादीवर ठेवून झोपी जाऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये. पंख्यापासून बोटे दूर ठेवावीत. लहान असला तरी तो पात्यासारखा कापतो.

कायद्याचे काय, असे पोलीस पाटलांनी विचारले होते. सरकारने २०२१ साली ड्रोनचे नियम केले. शिकण्यासाठी आणि हौसेसाठी उडवायच्या लहान विमानांचाही त्यांत विचार आहे. विमान डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर ठेवायचे. विमानतळाजवळ किंवा लष्करी जागेजवळ उडवायचे नाही. आपले आकाश मोकळे आहे की नाही, हे सरकारच्या नकाशात पाहता येते. पुतण्याने ते पाहिले आहे. तलाव गावाचा, म्हणून ग्रामपंचायतीलाही विचारले आहे. पिण्याच्या पाण्याच्या तलावावर मात्र हा खेळ करू नये, असे माझे मत आहे.

आणि चांदवे तलावावर असतील, तर ते दूर जाईपर्यंत थांबावे. तलाव आधी त्यांचा आहे.

भावाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो अजूनही म्हणतो की शेळी घेतली असती तर बरे झाले असते. पण परवा त्याच्या पंपाचा फवारा नीट पडत नव्हता. तोंडाची कड झिजून गोल झाली होती. पाणी कडेलाच चिकटून ओघळत होते. त्याने कानस घेतली आणि कड धारदार केली. मला म्हणाला, "दादा, पायरी केली."

विमान मी येथे आणले आहे. त्या टेबलावर आहे. बॅटरी काढलेली आहे, भिण्याचे कारण नाही. आता एकेक जण उठून या. विमान उलटे करा आणि बुडावरून नाकाकडून शेपटीकडे बोट फिरवा. मध्ये बोट एकदम खाली उतरेल. तीच ती पायरी.